तळव्याच्या रेषा दिसेपर्यंत

अमूल्यानं राघवेंद्रचं जेल, प्रोटीनच्या पट्ट्या दाखवणारा तो जेलीसारखा पातळ तुकडा, दोन बोटांनी उचलून दिव्याच्या पेटीवर ठेवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिला हव्या असलेल्या प्रोटीनची निळी पट्टी त्यावर होती, नाही असं नाही. पण तिच्या वर, खाली, शेजारी नको असलेल्या पट्ट्यांची नुसती जत्रा भरली होती, आणि त्या सगळ्यावरून ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा निळा ओघळ वरपासून खालपर्यंत उतरला होता.

"हे तू शुक्रवारी मॅडमना दाखवणार?"

"दाखवणार की."

"लाज?"

"घरी विसरलो. डब्याबरोबर."

राघवेंद्रचा चष्मा नेहमीप्रमाणे डोक्यावर होता. जेलकडे त्यानं धड पाहिलंही नव्हतं. अमूल्याला माणसाच्या घाणेरड्या कामाचा जितका राग येई, त्याच्या दुप्पट राग त्या कामाविषयीच्या बेफिकिरीचा येई, आणि राघवेंद्रकडे दोन्ही गोष्टी भरभरून होत्या.

ही दोघं भांडत ती मराठीत. म्हैसूरबाहेर बेळगोळच्या त्या कारखान्यांच्या ओळीत, एका बिस्किटाच्या गोदामामागे उभ्या असलेल्या या प्रयोगशाळेत बाकी सगळे कन्नड, तमिळ नाहीतर मल्याळी. त्यांना हे कळत नसे, एवढीच काय ती अब्रू शिल्लक. अमूल्याची मराठी लष्कर मोहल्ल्यातल्या रंगाऱ्यांच्या गल्लीतली, अर्धी कन्नडात भिजलेली. राघवेंद्रचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात आलेले. घोडे कधीच गेले, पण ऐट तेवढी पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिली, असं अमूल्याचं मत होतं आणि ते ती त्याच्या तोंडावर सांगे.

भांडणाचं मूळ होतं 'सात नंबर'. राघवेंद्रनं बनवलेल्या रेणूंमधला सातवा. काही जंतूंच्या अंगात एक पंप असतो, प्रोटीनचाच. अँटिबायोटिक आत शिरलं की हा पंप त्याला मानगुटीला धरून परत बाहेर फेकतो, आणि डॉक्टर कितीही गोळ्या देवोत, रोगी तसाच तापानं फणफणत राहतो. सात नंबर घातला की तेच जुनं, निकामी ठरलेलं औषध पुन्हा लागू पडायचं. राघवेंद्रच्या बशांमध्ये जंतू पटापट मरत. दोन वर्षं तो त्या बशा लोकांना दाखवत हिंडत होता, बारशाचे फोटो दाखवावेत तशा.

पण मरत कशानं होते? तिथंच अमूल्या आडवी आली होती. सात नंबरला लांब तेलकट शेपटी होती, साबणाच्या रेणूला असते तशी. आणि साबण काय, कुणालाही मारतो. जंतूची कातडी चरबीची; साबण ती फाडतो, भोकं पाडतो, आणि त्या भोकांतून अँटिबायोटिक आत घुसतं. तसं असेल तर पंपाबिंपाचा काही संबंध नाही. असलं औषध माणसाच्या पोटात गेलं तर रक्ताच्या पेशीसुद्धा तशाच फाटतील. तेव्हा खरं काय ते एकाच गोष्टीवरून ठरणार होतं. पंप जंतूमधून वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, आणि सात नंबर त्याला जाऊन चिकटतो की नाही ते पाहायचं.

ते काम अमूल्याचं. तिच्या पंपाला सात नंबर चिकटला नाही. एकदा नाही, दरवेळी. राघवेंद्रनं मग इरेला पेटून स्वतः पंप काढला, हा असला, जत्रेतला, आणि त्याच्या पंपाला मात्र चिकटला.

"तो पंपाला नाही चिकटत. तुझ्या घाणीला चिकटतो," ती म्हणाली. "इतकं तेल, इतकी चरबी राहिलीय त्यात. तेलकट शेपटी कुठं जाणार?"

"मग तुझ्या पंपाला का नाही चिकटत?"

"कारण माझा स्वच्छ आहे."

 राघवेंद्रनं खांदे उडवले, घड्याळ पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली. आभाची शाळा सुटायची वेळ झाली होती. ती त्याची मुलगी, दुसरीत; तिला बोगादीच्या शाळेतून तोच आणायचा. त्याचा पंपसुद्धा त्या घंटेच्या हिशेबानं निघायचा, हे साऱ्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं. कॉलममधून, म्हणजे बारीक मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतून, धुवायचं काम चाललेलं असायचं आणि शाळेची वेळ झाली की हा अर्ध्यावर थांबवून, जे हाती लागेल ते नळीत गोळा करून, बर्फात खोचून पळायचा. अय्यो, याला विज्ञान म्हणायचं?

शुक्रवारी प्रयोगशाळेच्या प्रमुख तारा मॅडम सात नंबरचा निकाल लावणार होत्या. त्यांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, शांतपणे, त्यांच्या पद्धतीनं. अमूल्याच्या निकालाविरुद्ध भक्कम काही समोर आलं नाही, तर सात नंबर बंद. राघवेंद्रची नेमणूकही सात नंबरपुरतीच होती. ते बंद म्हणजे त्याला हैदराबाद नाहीतर आणखी कुठं तरी शोधावं लागणार, आणि त्याचे वडील वेंकोजीराव, दृष्टी जवळजवळ गेलेली, म्हैसूर सोडायला तयार नव्हते. घरातला प्रत्येक उंबरठा त्यांच्या पायांना पाठ होता. नव्या गावात ते भिंतीच चाचपत बसले असते. हे सगळं अमूल्याला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तिचा संताप होत होता. आता या माणसानं नीट काम करायचं नाही, आणि खरं बोलल्याचं पाप मात्र तिच्या माथी.

तिच्या स्वच्छतेविषयी मात्र कुणाला शंका नव्हती. तिच्या जेलवर एकच पट्टी यायची, पेननं ओढल्यासारखी. त्यातल्या एका जेलचा फोटो तारा मॅडमनी मार्गिकेतल्या फळ्यावर लावून ठेवला होता. नवीन आलेल्या पोरांना तो दाखवत आणि म्हणत, शुद्ध म्हणजे हे.

ही शुद्धता ती कुठल्या विद्यापीठात शिकली नव्हती. लष्कर मोहल्ल्यात अप्पांचं, म्हणजे श्रीनिवासरावांचं, रंगाईचं दुकान होतं. त्याआधी आजोबांचं, त्याआधी पणजोबांचं. अप्पांच्या तरुणपणापर्यंत लाकडी ठशांनी छपाईही व्हायची. पुढं नुसतं रंगवणं उरलं, मग साड्यांचं पॉलिश, आणि मग तेही थकलं. पण घराचा कायदा एकच होता. मळावर रंग बसत नाही. कोरं कापड आलं की त्यातली खळ, तेल, हाताचा घाम, सगळं काढायचं. खळबळून, पुन्हा खळबळून, शेवटच्या पाण्यात हात बुडवल्यावर तळव्याच्या रेषा दिसेपर्यंत. अमूल्या लहानपणी त्या हौदाच्या काठावर बसून अप्पांचा तळवा वाचायची. रेषा धूसर दिसल्या तर अप्पा पाणी फेकून देत, मग गिऱ्हाईक दारात का ताटकळेना.

प्रयोगशाळेत तिनं तेच केलं. पंप जंतूच्या चरबीच्या कातडीत रुतून बसलेला असतो. त्याला काढायला डिटर्जंट लागतं, कपड्याचं नव्हे, सोन्याच्या भावाचं, सौम्य. ते पंपाला चहूबाजूंनी वेढतं आणि तेलाचा डाग उचलावा तसं अलगद उचलतं. मग पंप कॉलममधल्या मण्यांना धरून राहतो आणि वरून डिटर्जंटचं पाणी सोडून बाकीची घाण धुऊन काढायची. पडद्यावर एक रेघ दिसते. घाण जात असते तोवर ती उंच, नागमोडी. पाणी स्वच्छ यायला लागलं की सपाट. बाकीचे लोक रेघ खाली आली की थांबत. अमूल्या रेघ सपाट झाल्यावरही धूत राही. सपाट म्हणजे तिला धूसर वाटे. तिला तळव्याच्या रेषा दिसायला हव्या असत.

एकच गोष्ट होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी वाटली नव्हती. पंपाला चिकटला की चमकणारा एक रंग होता. त्यानंच सगळी चाचणी व्हायची. आधी रंग पंपाला चिकटू द्यायचा, मग सात नंबर घालायचा. सात नंबरनं रंगाची जागा घेतली तर चमक उतरायची. अमूल्याच्या पंपात मुळात तो रंगच फिका चमके. डिटर्जंटचा त्रास, असं म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं होतं. डिटर्जंटचे थेंब रंग गिळतात, असं होतं कधीकधी. यात तिला काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती, दुकान बंद झाल्यावर अप्पांनी घेतलेल्या, बोगादीच्या घरी पोचली तेव्हा आई अंगणात सूप घेऊन उभी होती आणि कुणाशीच न बोलता बडबडत होती. लक्ष्मीदेवींची ही रीत अमूल्याला चांगली ठाऊक होती. राग खरा असला की त्या माणसाशी बोलत नसत, भांड्यांशी, सुपाशी, तुळशीशी बोलत. सुपात लाकडाच्या ढलप्या होत्या. एक पाकळी. एक कोयरीचं शेपूट. मोराच्या मानेचा तुकडा.

"काय झालं?"

"विचार तुझ्या अप्पांना. मी म्हणत होते, सुम्ने बसा म्हणून. ऐकतील तर ना."

सुम्ने म्हणजे उगी, गप्प, आहे तसं. अप्पांना त्या घरात हा सल्ला रोज मिळायचा आणि रोज वाया जायचा.

अप्पा मागच्या धुण्याच्या दगडापाशी उकिडवे बसले होते. समोर जुन्या चादरीवर ठसे मांडले होते, पणजोबांच्या काळापासूनचे, सगळे. रविवारी कला महाविद्यालयातली मुलं येणार होती. त्यांच्या बाईंना कुठूनसं कळलं होतं की या घरात ठसे आहेत आणि ते वापरलेला माणूसही अजून आहे. अप्पांनी मुलांना छापून दाखवायचं ठरलं होतं. गेला महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. अप्पांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून ठेवला होता, रंग कालवून पाहिला होता, हात थरथरतो का ते पाहायला वर्तमानपत्रावर रिकामा ठसा मारून बघत होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना, तुम्ही काय करायचात, असं विचारायला येणार होतं.

आणि या माणसानं ठसे धुतले होते. साध्या पाण्यानं नव्हे. धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात, वरून भांड्यांचा लिंबाचा साबण, आणि कोपऱ्याकोपऱ्यात जुना दात घासायचा ब्रश. मग गच्चीत कडक उन्हात दिवसभर. लाकूड पहिल्यांदाच आपल्या खऱ्या रंगात आलं होतं, फिकट, कोरडं, एखाद्या कडक आजारातून उठलेल्या माणसासारखं. आणि जवळजवळ प्रत्येक ठसा उभा तडकला होता. वेलीचा ठसा तिनं हातात घेतला तर दोन पानं तिच्या ओंजळीत गळून पडली.

अमूल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अप्पा, लाकूड आहे हे! कोण सोड्यानं धुतं?"

"काळे दिसत होते," अप्पा म्हणाले. "मुलं म्हणतील, रंगाऱ्याच्या घरातले ठसे आणि एवढे मळके."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. तेच तर. अप्पांनी मान वर न करता सांगितलं, सहा-सात वर्षांचे असताना त्यांनी एक ठसा साबणाच्या पाण्यात टाकला होता आणि त्यांच्या वडिलांनी भर दुकानात थोबाडीत दिली होती. ठशाला पाण्यानं पुसायचं, सावलीत ठेवायचं आणि वर्षातून एकदा तेलात बुडवायचं, हे त्यांनी स्वतः दुकानातल्या किती माणसांना सांगितलं होतं. आणि तरी. गेले चार दिवस ते ठशांकडे पाहत होते आणि त्यांना लाकूड दिसेना, नक्षी दिसेना, नुसता काळेपणा दिसे. आज सकाळी पहिला ठसा धुतला. तो इतका सुरेख निघाला की हात थांबेना.

हात थांबला नाही, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी मान तुटलेला मोराचा ठसा उचलला, अंगठ्याचं नख चिरेत घातलं, आणि ते नख आत जातंय हे बघत बसले. त्या चिरेत पूर्वी काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. वर्षानुवर्षं मुरलेलं तेल, रंग, डिंक, तीन पिढ्यांच्या हातांचं तूप म्हणा हवं तर.

"मळ नव्हता गं तो, अमू," अप्पा म्हणाले.

तिला बोलायचं होतं, चांगलं फाडफाड बोलायचं होतं. वय काय, अक्कल काय, निदान विचारायचं तरी. पण अप्पांचा चेहरा बघून तिनं गळालेली दोन पानं चादरीवर परत ठेवली. रविवारी मुलं येणार, हे त्यांनी म्हटलं नाही. पण इस्त्रीचा शर्ट मागच्या दाराच्या खुंटीवर लटकत होता आणि तो त्या दोघांनाही दिसत होता.

ती नळापाशी जाऊन हात धुऊ लागली. ढलप्यांची पांढरी भुकटी हाताला लागली होती. एकदा साबण लावला, धुतला. सवयीनं पुन्हा लावला. तळव्याच्या रेषा लख्ख दिसत होत्या. त्या बघता बघता ती थांबली. पाणी वाहत राहिलं, हात पाण्याखाली तसेच, आणि तिची नजर कुठंच नव्हती.

"नळ बंद कर," आई आतून म्हणाली. "एकानं धुऊन सत्यानाश केला तो पुरे."

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी बेळगोळला पोचली. राघवेंद्र नव्हता, वेंकोजीरावांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून त्यानं रजा घेतली होती. बरंच झालं, असं तिला वाटलं. त्याच्यासमोर हे करणं तिला जन्मात जमलं नसतं.

जंतूच्या कातडीत पंप अंगभर चरबी लपेटून बसतो. डिटर्जंट त्याला उचलतं तेव्हा त्या चरबीचा थोडा थर पंपाबरोबर येतो, कडेकपारीत भरलेला. तेवढा राहू द्यावा लागतो. जास्त धुतलं की तोही निघून जातो, आणि मग पंप दिसायला तसाच राहतो, जेलवर देखणी एकच पट्टी येते, पण आतून तो मोडलेला असतो. रंगालाही धरत नाही, सात नंबरलाही नाही. हे काही गुपित नव्हतं. प्रत्येक पुस्तकात आहे. अमूल्यानं स्वतः ते नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं, खाली दोन रेघा ओढून. पुस्तकातलं डोक्याला कळतं, हाताला कोण सांगणार?

तिनं शीतपेटीतली जंतूंची साठवलेली कातडी काढली. डिटर्जंट घातलं, ढवळलं, कॉलममध्ये सोडलं, आणि पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. रेघ चढली, वळली, उतरायला लागली. अजून नागमोडी होती. अजून घाण येत होती, तिला दिसत होती ती, डोळ्यांना खुपत होती. तिनं बटणावर बोट ठेवलं. बोट दाबेना. आणखी थोडं, मन म्हणत होतं, एवढी नागमोड तरी जाऊ दे, इतक्या घाणीत कोण थांबतं, राघवेंद्र थांबतो. रडू येईल इतका तिला स्वतःचा राग आला. मग तिनं खुर्ची उलटी फिरवली, पडद्याकडे पाठ केली, आणि चाचपून बटण दाबलं.

दुपारी जेल निघालं. जत्रा. ओघळासकट.

पण अमूल्या अमूल्याच होती. घाणेरड्या पंपाला सात नंबर चिकटला तर तो घाणीला चिकटला असेल, हा तिचाच आक्षेप होता, आणि तो अजूनही बिनतोड होता. म्हणून तिनं शेजारीच दुसरी कातडी घेतली होती. ज्या जंतूंच्या अंगात हा पंपच नाही, अशांची. तीच चरबी, तेच डिटर्जंट, तेवढंच धुणं, फक्त पंप वजा. नुसती घाण, शुद्ध घाण. आयुष्यात पहिल्यांदा तिनं घाण इतक्या काळजीनं काढली.

मग दोन्हींत तो चमकणारा रंग घातला. नुसत्या घाणीत काही झालं नाही. पंप असलेल्या नळीत रंग असा चमकला की तिनं आधी यंत्र बिघडलं म्हणून ते बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तितकाच चमकला. तिनं सात नंबर घातला, थेंब थेंब. प्रत्येक थेंबाला चमक पायरी पायरीनं उतरत गेली. रंग जागा सोडत होता, कारण त्या जागेवर दुसरा कुणी येऊन बसत होता. नुसत्या घाणीच्या नळीत सात नंबर घातला, काही नाही. पुन्हा घातला, काही नाही.

तिनं आकडे वहीत उतरवले. सात नंबर साबण असेलही थोडा; ते पुढं पाहावं लागेल, शेपटी कापावी लागेल. पण तो पंपाला धरत होता. पहिल्यापासून धरत होता. आणि तिनं त्याला दरवेळी पंपाचा धुऊन कोरडा केलेला सांगाडा पुढं करून विचारलं होतं, याला धरतोस का? वर त्या सांगाड्याचा फोटो मार्गिकेत झळकत होता.

राघवेंद्रला फोन करावा, असं तिच्या मनात आलं. नाव काढलं, बोट ठेवलं, काढून घेतलं. काय सांगणार? तुझं बरोबर होतं? त्याचं कुठं बरोबर होतं, त्याला तर पोरीला आणायचं होतं! का चिकटतो ते त्यालाही कळलं नव्हतं. या गोष्टीचा तिला पुन्हा एकदा नव्यानं संताप आला, आणि त्या संतापात थोडं हसूही आलं.

घरी आली तेव्हा अप्पा अंगणात होते. मोठ्या परातीत तेल ओतून त्यात तडकलेले ठसे उताणे बुडवून ठेवले होते. जुळणार नाहीत, हे त्यांनाही दिसत होतं. आई स्वयंपाकाचं तेल संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून निमूटपणे नवं घेऊन आली.

शुक्रवारी सभागृहात सगळे जमले. तारा मॅडम पहिल्या रांगेत, हातात पेन. राघवेंद्र मागे, दाराजवळ, मांडीवर पिशवी ठेवून. त्याचा चेहरा ज्याला निकाल आधीच कळलाय अशा माणसासारखा होता. सकाळी मार्गिकेत भेटल्यावर अमूल्यानं वेंकोजीरावांच्या डोळ्यांचं विचारलं, तर त्यानं नुसती मान हलवली होती. आज मराठीत भांडायचीही त्याची तयारी नव्हती. त्याच्याकडे दाखवायला तेच जुनं जेल होतं आणि ते तो दाखवणारही नव्हता, असं त्याच्या बसण्यावरून दिसत होतं.

आधी अमूल्याचं नाव पुकारलं. ती उठली. मार्गिकेतल्या फळ्यावरचा आपल्या जेलचा फोटो तिनं येतानाच काढून पर्समध्ये टाकला होता. पिनांची चार भोकं तेवढी मागं राहिली होती. तिनं दिवा मालवायला सांगितलं आणि पडद्यावर पहिलं चित्र आणलं.

सभागृहात जराशी खसखस पिकली. पडद्यावर ती जत्रा भिंतभर पसरली होती, पट्ट्यांवर पट्ट्या आणि वरपासून खालपर्यंत निळा ओघळ. तारा मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे, पण त्यातला कंटाळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. हे पुन्हा कशाला, असं त्या म्हणाल्या, आणि मान न वळवता पुढं विचारलं, "राघवेंद्र, हे तुमचंच ना?"

राघवेंद्रनं पडद्याकडे नीट पाहिलंही नाही. चष्मा डोक्यावरच होता. तो अर्धवट उठला आणि सवयीनं, थकल्या आवाजात म्हणाला, "होय मॅडम. माझंच."

"नाही," अमूल्या म्हणाली. "माझं आहे."

  मग मागं, दाराजवळ, राघवेंद्रनं डोक्यावरचा चष्मा ओढून डोळ्यांवर घेतला आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"पुढचं चित्र बघू या," ती म्हणाली.